हयातीतले टिळक : समकालीन वृत्तपत्रे त्यांच्याविषयी काय लिहीत होती?

नारायणपेठी (धागाकर्ता)

दरवर्षी २३ जुलै आणि १ ऑगस्ट या दोन तारखांना लोकमान्य टिळकांविषयी जे छापून येते, त्याबद्दल माझी एक कायमची तक्रार आहे. गौरव करणारा लेखक गणेशोत्सव, मंडाले आणि स्वराज्याची घोषणा यांपलीकडे जात नाही, आणि दोष दाखवणारा लेखक संमतिवयाचा (मुलींच्या शरीरसंबंधाच्या वयाची मर्यादा वाढवणारा) कायदा, वेदोक्त आणि अथणीचे भाषण ही तीन नावे घेऊन थांबतो. टिळकांच्या हयातीत निघणाऱ्या वर्तमानपत्रांतले एक वाक्यही दोघांच्या लेखांत सहसा नसते. वास्तविक इतकी छापील टीका सोसलेला आणि तितक्याच त्वेषाने ती परत केलेला पुढारी त्या काळात क्वचितच दुसरा सापडेल.

माझे मत असे की, टिळकांना मोठे करण्यात ‘केसरी’चा जेवढा वाटा आहे, त्याहून त्यांच्या विरोधी पत्रांचा वाटा कमी नाही. मुंबईचा ‘टाइम्स’, लंडनचा ‘टाइम्स’, पुण्यातलेच ‘सुधारक’ आणि ‘ज्ञानप्रकाश’, अखेरच्या काळातली ब्राह्मणेतर पत्रे, या प्रत्येकाने आपापला एक टिळक उभा केला, आणि आज आपण ज्यांच्यावरून भांडतो ते या साऱ्यांचे मिश्रण आहे. जाणकारांनी उदाहरणे द्यावीत. पत्राचे नाव आणि वर्ष सांगावे, एवढीच विनंती आहे. ‘कुठेतरी वाचल्याचे आठवते’ या सदरातली माहिती चहाच्या टपरीसाठी राखून ठेवावी.

जुळारी

मग आरंभापासूनच सुरुवात करू. ‘मराठा’ २ जानेवारी १८८१ रोजी आणि ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते आणि टिळकांकडे इंग्रजी ‘मराठा’ होता, हे आजही पुष्कळांना सांगावे लागते. पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे छापल्याबद्दल दोघांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, ती पत्रे बनावट ठरली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या खटल्यात जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला होता. टिळक आणि फुले ही दोन नावे एकमेकांवर फेकून मारणाऱ्या दोन्ही बाजूंना ही गोष्ट गैरसोयीची वाटते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

१८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत. म्हणजे टिळकांचा सर्वांत धारदार टीकाकार हा त्यांच्याच कोठडीतला सोबती होता आणि तो त्याच शहरात, त्याच वाचकांसाठी लिहीत होता. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात ही दोन पत्रे समोरासमोर ठेवून वाचली, तर लक्षात येते की आगरकर टिळकांना अडाणी सनातनी समजत नव्हते. टिळकांना सारे कळते आणि तरीही ते लोकांच्या कलाने घेतात, हा आगरकरांचा आक्षेप होता, आणि अडाणीपणाच्या आरोपापेक्षा तो कितीतरी अधिक बोचणारा आहे. परकी सरकारने कायदा करून सामाजिक सुधारणा लादू नये, ही टिळकांची बाजूही तिथे पूर्ण ताकदीने मांडलेली दिसते. आजच्या लेखांत दोन्ही बाजू पातळ होऊन येतात.

शनवारातली

चहाचा विषय धागाकर्त्यांनीच काढला आहे, म्हणून सांगते. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रातून जाहीर करून टाकली. त्यातून ग्रामण्य, म्हणजे बहिष्कार-प्रायश्चित्ताचा वाद, उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. सनातनी पत्रांच्या लेखी टिळक बाटलेले आणि सुधारकी पत्रांच्या लेखी ते सनातनी, असे हे एकाच वर्षातले चित्र आहे. पुण्यात कपभर चहाची बातमी किती दिवस पुरते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रकरणाचे आश्चर्य वाटणार नाही.

कोथरूडकर

बातमी पुरते, पण बिस्किटे पुरत नाहीत, हीच पुण्याची खरी अडचण आहे.

कायदेकानू

कोथरूडकरांचा विनोद बाजूला ठेवून १८९७ कडे येतो, कारण धागाकर्त्यांच्या विधानाची खरी कसोटी तिथे आहे.

क्रम असा आहे. प्लेगच्या बंदोबस्तातील घरझडत्यांमुळे पुणे संतापलेले होते. जून महिन्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त त्याचा वृत्तान्त व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. अफजलखानाच्या वधाविषयी उत्सवात झालेले विवेचनही त्या अंकात होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोन तारखांमधील आठवड्याभराचे अंतर मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने उचलून धरले, ‘जस्टिस’ या टोपणनावाने आलेल्या पत्रात ‘केसरी’तील मजकूर राजद्रोही असल्याचे म्हटले होते. टिळकांनी ६ जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख लिहिला आणि २७ जुलैला त्यांना अटक झाली.

खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ची व्याख्या इतकी ताणली की, सरकारविषयी प्रीती नसणे हीच अप्रीती ठरली. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ साली कलम १२४-अ ची शब्दरचनाच बदलण्यात आली, म्हणजे एका मराठी साप्ताहिकावरील खटल्याने साऱ्या हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्यावर ठसा उमटवला.

खटल्याच्या वेळी कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’चे मोतीलाल घोष यांच्याशी टिळकांचा पत्रव्यवहार झाला, तोही वाचनीय आहे. काही हितचिंतकांचा सूर माफी मागून सुटका करून घ्यावी असा होता. त्याला टिळकांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली, आणि लोकांमध्ये माझे जे स्थान आहे ते केवळ माझ्या चारित्र्यावर उभे आहे. आपली प्रतिमा कशावर टिकून आहे याची जाण त्या माणसाला एक्केचाळिसाव्या वर्षीच होती.

मुळाकाठचा

कायदेकानू यांची मांडणी नेटकी आहे, परंतु तिच्यातून असा ग्रह होतो की ‘टाइम्स’ने ओरड केली म्हणून सरकार जागे झाले. ते तितकेसे खरे नाही. देशी पत्रांत काय येते याचे इंग्रजी सारांश सरकारचे भाषांतर खाते दर आठवड्याला तयार करून अधिकाऱ्यांपुढे ठेवत असे. सरकार ‘केसरी’चे आद्य आणि अत्यंत नियमित वाचक होते, त्याला कोणी टोपणनावाने पत्र लिहून सांगण्याची गरज नव्हती. ‘टाइम्स’ने खटल्यासाठी वातावरण तापवले, एवढेच म्हणता येईल.

हे सारांश मुंबईला राज्य पुराभिलेखागारात आहेत. बंद पडलेल्या आणि ज्यांचे अंक सहज मिळत नाहीत अशा पत्रांचा पत्ता कित्येकदा तिथेच लागतो. पोलिसी नजरेने केलेली टिपणे ही आपल्या वृत्तपत्रेतिहासाची मोठी साधने होऊन बसावीत, यावर हसावे की रडावे हे मला कळत नाही.

जुळारी

मुळाकाठचा, सहमत आहे; मात्र ते सारांश जपून वापरावे लागतात. सारांश करणारा कारकून जे खटल्याजोगे आहे तेच टिपतो. उपरोध, म्हणी, वाचकाला मारलेली कोपरखळी हे सारे गळते आणि उरतो तो कोरडा राजद्रोह. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव करताना सरकारी भाषांतरातील शब्दन्‌शब्द पिंजून काढला, तो याच कारणाने.

सातारकर

१९०८ चा उल्लेख झालाच आहे, तर पुढे नेतो. क्रांतिकारकांनी मुजफ्फरपूरला टाकलेला बाँब ३० एप्रिल १९०८ चा. ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख १२ मेचा आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जूनचा. २४ जूनला अटक झाली, जामिनासाठी जीनांनी अर्ज केला तो फेटाळला गेला, आणि २२ जुलैच्या रात्री, टिळकांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मताने सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा देणारे न्या. दावर हे १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते. कादंबरीकाराने असा योग जुळवला असता, तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

वृत्तपत्रीय पडसादांपैकी मला सर्वांत लक्षणीय वाटतो तो जिनीव्हाहून निघणाऱ्या ‘प्रोलेतारी’ या रशियन पत्रातला, ऑगस्ट १९०८ मधला लेख. लेनिनने त्यात टिळकांचा उल्लेख हिंदी लोकशाहीवादी असा केला, शिक्षेचा धिक्कार केला, आणि मुंबईच्या गिरणीकामगारांच्या संपाकडे लक्ष वेधून हिंदुस्थानातील कामगार राजकीय लढ्याला तयार झाला आहे असा निष्कर्ष काढला.

शनवारातली

म्हणजे लंडनच्या दृष्टीने अराजकवादी, जिनीव्हाच्या दृष्टीने लोकशाहीवादी आणि बुधवार पेठेच्या दृष्टीने चहा पिऊन बाटलेले. पत्रिका जुळवायला बसलेल्या गुरुजींचे काम कठीण आहे.

मुळाकाठचा

सातारकर, लेनिनच्या त्या लेखाचे आपल्याकडे नको इतके कौतुक होते. त्याने ‘केसरी’ वाचला नव्हता आणि टिळकांच्या सामाजिक मतांशी त्याला कर्तव्य नव्हते. युरोपीय बातम्यांवरून त्याने संपाचे महत्त्व ओळखले. लेखाचा विषय टिळक नाहीत, कामगार आहेत. टिळकांचे ‘पुरोगामित्व’ सिद्ध करायला तो लेख वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातल्या फोटोवरून स्वतःची सोयरीक ठरवण्यासारखे आहे.

निळी दौत

इथवरची चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु तिच्यातला टीकाकार एक तर इंग्रज आहे किंवा सदाशिव-नारायण पेठेतला. धागाकर्त्यांनी ब्राह्मणेतर पत्रांना ‘अखेरच्या काळातली’ म्हटले आहे, त्यालाही माझा आक्षेप आहे. कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ पुण्यात १८७७ साली काढला, म्हणजे ‘केसरी’च्या चार वर्षे आधी. बहुजन समाजाचे पत्र ही ‘केसरी’ची प्रतिक्रिया म्हणून जन्मलेली गोष्ट नव्हे.

वेदोक्ताचेच प्रकरण घ्या. छत्रपती शाहूंच्या घरचे विधी वेदोक्त (वेदमंत्रांनी) की पुराणोक्त (पुराणातल्या मंत्रांनी), या वादात ‘केसरी’ने १९०१ साली त्या मागणीला ‘वेदोक्ताचे खूळ’ म्हटले. ज्या संपादकाने शिवाजी महाराजांचा उत्सव सुरू केला, त्यानेच त्यांच्या वंशजाची धार्मिक प्रतिष्ठेची मागणी खूळ ठरवली. ही विसंगती त्या काळातल्या ब्राह्मणेतर वाचकाला दिसली नसेल असे समजणे म्हणजे त्या वाचकाचा अपमान आहे. अथणीच्या भाषणात तेली-तांबोळी आणि कुणब्यांनी कायदेमंडळात जाऊन काय करायचे, अशा आशयाचे जे उद्गार आले, त्यांचे पाठ निरनिराळे सांगितले जातात हे मला मान्य आहे. त्यांवर वादळ उठले, हे मात्र निर्विवाद आहे. वालचंद कोठारींचे ‘जागरूक’ १९१७ पासून आणि श्रीपतराव शिंद्यांचे ‘विजयी मराठा’ १९१९ पासून पुण्यातून निघू लागले, ते याच वादळाच्या दिवसांत.

आणि शेवटी बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याचा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. वृत्तपत्रांनी काय लिहिले हा धाग्याचा प्रश्न आहे. काय छापायचे नाकारले, हाही त्याच प्रश्नाचा भाग समजावा.

कायदेकानू

निळी दौत यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे, तरीही एक बाजू राहिली आहे. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत, ईश्वर अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी ईश्वर म्हणणार नाही, अशा आशयाचे टिळकांचे प्रसिद्ध भाषण झाले. लखनौ करार, होमरूल लीग, १९१९ नंतरची भूमिका, हे सारे पाहता १८९१ चे टिळक आणि १९१८ चे टिळक एकाच ओळीत बसवणे योग्य नाही.

निळी दौत

भाषण झाले हे खरे, आणि त्याच परिषदेतल्या, वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर टिळकांनी सही केली नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही एका श्वासात सांगावे, एवढेच माझे म्हणणे आहे. बाबासाहेबांनी ते केले. ‘बहिष्कृत भारता’त १९२७ साली त्यांनी लिहिले त्याचा आशय असा की, टिळक अस्पृश्यांत जन्मले असते, तर स्वराज्याऐवजी अस्पृश्यतानिवारण हाच माझा जन्मसिद्ध हक्क आहे असे म्हणाले असते. टिळकांचा बाणा आणि त्यांची मर्यादा एका वाक्यात बसवणारी इतकी अचूक टीका दुसरीकडे माझ्या वाचनात नाही.

पंचविसावी_बॅच

मी हुजूरपागेची माजी विद्यार्थिनी आहे. शाळा १८८४ ची, आणि १८८७ साली ‘मराठा’ने तिच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली होती. मुलींना इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकवण्यापेक्षा गृहकृत्यांना उपयोगी पडेल ते शिकवावे, असा तिचा रोख होता. शाळेत असताना १ ऑगस्टला आमच्याकडून टिळकांवर भाषणे पाठ करून घेतली जात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर दर वर्षी एकीच्या तरी वाट्याला येई. ‘मराठा’तल्या त्या लेखांचा उल्लेख मात्र कोणी केल्याचे स्मरत नाही. बाई रागावणार नसतील, तर टरफलांच्या जागी पुढच्या वर्षी तो विषय सुचवावा म्हणते.

कोथरूडकर

टरफले मुळात कोणी टाकली, याचा शोध मात्र अजून लागलेला नाही. ‘टाइम्स’ने त्याचाही आळ टिळकांवर घेतला असता.

जुळारी

कोथरूडकर विनोदाने म्हणाले ते चिरोलने जवळजवळ खरे करून दाखवले होते. व्हॅलेंटाइन चिरोल हा लंडनच्या ‘टाइम्स’चा परराष्ट्र विभागाचा प्रमुख. त्याने हिंदुस्थानातील असंतोषावर लेखमाला लिहिली आणि १९१० साली तिचे पुस्तक केले. टिळक तेव्हा मंडालेत होते. त्या पुस्तकात गोरक्षणाच्या चळवळीपासून ताईमहाराजांच्या दत्तकप्रकरणापर्यंत आणि रँडच्या वधापासून डिसेंबर १९०९ मधल्या नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधापर्यंत सर्व काही टिळकांच्या पदरात टाकले होते. जॅक्सनच्या वधापूर्वी वर्षभराहून अधिक काळ टिळक ब्रह्मदेशात बंदिवान होते, याचा अडसर लेखकाला झाला नाही.

टिळकांनी १९१५ साली दावा लावला आणि १९१९ च्या आरंभी लंडनमध्ये त्याची सुनावणी झाली. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन, आणि मुंबई सरकार चिरोलला कागदपत्रे पुरवीत होते. टिळक हरले आणि खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर आला. तो भरून काढायला लोकांनी निधी जमवला. म्हणजे इंग्रज ज्यूरीने ज्याची अब्रू नुकसानभरपाईच्या लायकीची नाही असे ठरवले, त्याची भरपाई इथल्या लोकांनी वर्गणीने केली. धागाकर्त्यांच्या मूळ विधानाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. बर्वे प्रकरणात आरोपी म्हणून सुरू झालेली अब्रुनुकसानीची कारकीर्द फिर्यादी म्हणून संपली, आणि निकाल दोन्ही वेळा विरुद्धच गेला.

नारायणपेठी

सर्वांचे आभार. निळी दौत यांनी ‘दीनबंधु’विषयी सांगितलेला कालक्रम महत्त्वाचा आहे. अखेरच्या वर्षातले एक उदाहरण माझ्याकडून देतो. टिळक राजकारणात सर्व काही क्षम्य मानतात, असे गांधींनी ‘यंग इंडिया’त लिहिले. टिळकांनी १८ जानेवारी १९२० रोजी त्याच पत्राकडे उत्तर पाठवले : राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा खेळ आहे, आणि बुद्धाच्या ‘अक्रोधाने क्रोध जिंकावा’ यापेक्षा आपण गीतेतले ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ (जो जसा येईल त्याला तसेच) पसंत करतो. गांधींनी ते उत्तर आपल्या टिपणासह छापले. सहा महिन्यांनी टिळक गेले तेव्हा ‘यंग इंडिया’तला मृत्युलेखही गांधींचाच होता. जाहिरात नाकारणारा ‘केसरी’ आणि विरोधकाचे उत्तर जसेच्या तसे छापणारा ‘यंग इंडिया’, ही दोन्ही उदाहरणे एकाच महिन्यातली आहेत, हे निळी दौत यांच्या प्रतिसादामुळे आता प्रथमच शेजारी ठेवून पाहिले.

सातारकर

उदाहरणे उत्तम जमली आहेत, पण मूळ विधान मला अजून पटलेले नाही. विरोधी पत्रांनी टिळक मोठे केले असे म्हणायचे, तर १९०८ च्या जुलैमधील गिरणीकामगारांना कुठे बसवायचे? ते बहुतांशी कोकणातून आणि आमच्या साताऱ्याकडून गेलेले लोक होते. त्यांनी ‘टाइम्स’ वाचला नव्हता, ‘सुधारक’ वाचला नव्हता, आणि त्यांतल्या पुष्कळांना ‘केसरी’देखील स्वतः वाचता येत नव्हता. तरी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप त्यांनी केला आणि गोळ्याही झेलल्या. आपण इथे जे वादळ तपासतो आहोत, ते साक्षरांच्या बशीतले आहे.

मुळाकाठचा

‘केसरी’ वाचता येत नसला तरी ऐकता येत होता. एक अंक घेऊन दुकानात किंवा चाळीत एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही रीत सर्वत्र होती. टिळकांच्या अग्रलेखांची छोटी, ठोकून बसवलेली वाक्ये, प्रश्नार्थक मथळे आणि म्हणींची पेरणी ही कानासाठीच केलेली वाटते. विरोधी पत्रांतला मजकूरही लोकांपर्यंत पोचत असे तो ‘केसरी’ने खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेल्या रूपात, आणि त्या अर्थाने नारायणपेठी यांचे विधान टिकते.

निळी दौत

मुंबईच्या गिरण्यांत ‘केसरी’ ऐकला जात होता, तसा त्याच गिरण्यांत ‘दीनबंधु’ही ऐकला जात असणार. कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे त्याचेच संपादक होते, आणि ते १८९७ साली वारले. त्यांच्यामागे १९०८ पर्यंतच्या अकरा वर्षांत या चाळींमधून कोणते पत्र वाचले जात होते, याची नोंद भाषांतर खात्याच्या सारांशांत असल्यास मुळाकाठचा यांनी पुढच्या मुंबईफेरीत पाहावी.

मुळाकाठचा

दिवाळीनंतर जाणार आहे. १८९८ पासूनच्या खंडांपासून आरंभ करतो.